झेंडा चंद्राला जाऊन आला म्हणतात. पण कुणाच्या हातून?

नमस्कार ताई,

माझं वय ४८. मूळचा सांगली जिल्ह्यातला, नोकरीमुळे पुण्यात स्थायिक. वडील प्राथमिक शिक्षक होते, मागच्या श्रावणात गेले. २१ जुलै १९६९ ला सकाळी त्यांनी घरचा रेडिओ शाळेत नेला होता आणि माणूस चंद्रावर उतरल्याची बातमी मुलांना ऐकवली होती. त्या दिवसाची त्यांची टाचणवही मी जपून ठेवली आहे. ही गोष्ट त्यांनी मला इतक्या वेळा सांगितली, की मी स्वतः त्या वर्गात बसलो होतो असंच वाटतं.

परदेशातल्या एका विक्रेत्याकडे मला एक फ्रेम सापडली आहे. त्यात अपोलो ११ मधून चंद्रावर जाऊन आलेला छोटा तिरंगा, आर्मस्ट्राँगची सही असलेला फोटो आणि काचेच्या बारीक नळीत चिमूटभर चंद्राची धूळ. मागे सर्टिफिकेट आहे. किंमत आपल्या पैशात साडेचार लाख. बाबांच्या ठेवीतला माझा वाटा साधारण तेवढाच आहे आणि तो त्यांच्याच आठवणीवर खर्च करावा असं मनात आहे. बायकोचा विरोध आहे. विक्रेता म्हणतो, आठ दिवसांत सांगा, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. काय करू? घेतलीच तर आणायची कशी, ठेवायची कशी?

– एक वाचक, पुणे

---

नमस्कार,

आठ दिवसांची मुदत आहे, म्हणून उत्तर आधी देते आणि कारणं मागून सांगते. ही फ्रेम घेऊ नका. वहिनींचं बरोबर आहे. पण त्यांचा विरोध पैशांपुरता असेल, तर माझा त्याहून थोडा जास्त आहे.

तुमच्या घरी शेती असेल, नसली तरी सांगलीच्या माणसाला सातबारा समजावून सांगावा लागत नाही. जमीन घेताना आपण माती हातात घेऊन बघतो का? आपण उतारा बघतो, मागचे फेरफार बघतो. आजोबांच्या नावावरून वडिलांच्या नावावर कधी आली, भावांची नावं कधी कमी झाली, मधे एखादी नोंद गायब तर नाही ना. चंद्राला जाऊन आलेल्या वस्तूंचंही अगदी असंच असतं. चार बाय सहा इंचांचा रेशमी झेंडा हातात घेतला, तर तो चंद्राला जाऊन आला की दुकानातून, हे कुठलाही जाणकार नुसतं बघून सांगू शकत नाही. कापड तेच, शिवण तीच. फरक फक्त फेरफारात. यानात कुणी नेला, कुठल्या पिशवीत होता, परत आल्यावर कुणाकडे राहिला, त्याने कुणाला दिला, आणि या प्रत्येक टप्प्याचा त्या त्या माणसाच्या हातचा कागद आहे का.

विक्रेत्याचं सर्टिफिकेट हा तो कागद नव्हे. जमीन विकणाऱ्यानेच ‘जमीन माझीच आहे’ असं कोऱ्या कागदावर लिहून द्यावं, तसं ते आहे.

आता तुमच्या फ्रेममधल्या तिन्ही गोष्टी बघू. धुळीपासून सुरुवात करते, कारण तिथेच हा सौदा मोडतो.

अपोलोच्या सहा मोहिमा चंद्रावर उतरल्या आणि मिळून सुमारे ३८२ किलो दगडमाती घेऊन आल्या. ती अमेरिकी सरकारच्या मालकीची आहे. खासगी माणसाने विकायची नाही, घ्यायची नाही. याबाबत तिथलं सरकार किती कडक आहे याचं एक उदाहरण सांगते. अपोलो १७ नंतर अमेरिकेने देशोदेशींना चंद्राच्या दगडाचे छोटे तुकडे भेट दिले. त्यातला होंडुरासला दिलेला तुकडा तिथून नाहीसा झाला आणि पुढे अमेरिकेत विकायला निघाला. १९९८ मध्ये सरकारी तपास अधिकाऱ्यांनीच गिऱ्हाईक असल्याचं भासवून, पन्नास लाख डॉलर्सचा सौदा ठरवून तो पकडला. तुकडा जप्त होऊन होंडुरासला परत गेला. जिथे एका देशाला दिलेली भेट अशी शोधून काढतात, तिथे काचेच्या नळीतली धूळ फ्रेममध्ये चिकटवून कुणी कायदेशीरपणे विकत असेल हे मानायला मी तयार नाही.

अपवाद आहेत, तेही सांगते, कारण विक्रेता तुम्हाला तेच ऐकवेल. सोव्हिएत संघाच्या लुना १६ या मानवरहित यानाने १९७० मध्ये आणलेले तीन कण न्यूयॉर्कला १९९३ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये लिलावात विकले गेले. सोव्हिएत अवकाश कार्यक्रमाचे मुख्य शिल्पकार सर्गेई कोरोल्योव यांच्या पत्नीला सरकारने भेट दिलेले होते ते. दुसरा अपवाद अपोलो ११ च्या एका पिशवीचा, आणि ती गोष्ट थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे.

आर्मस्ट्राँगने चंद्रावर पाऊल ठेवल्यावर सगळ्यात आधी थोडी माती उचलून घेतली. पुढे काही बिघडलं आणि लगेच निघावं लागलं, तर निदान एवढं तरी हाती असावं म्हणून. ती माती ज्या पांढऱ्या पिशवीत ठेवून परत आणली, ती पिशवी पुढे एका संग्रहालयाच्या गैरव्यवहाराच्या खटल्यात जप्त झाली. सरकारी याद्यांमध्ये तिची दुसऱ्याच पिशवीशी गल्लत झाली आणि २०१५ मध्ये सरकारनेच ती लिलावात काढली. इलिनॉय राज्यातल्या एका वकील बाईंनी ती ९९५ डॉलर्सना घेतली. त्यांनी पिशवीवरचा क्रमांक जुन्या नोंदींशी ताडून पाहिला आणि खात्री करून घ्यायला ती नासाकडे पाठवली. नासाने तपासली, अपोलो ११ चीच आहे म्हणून सांगितलं, आणि परत द्यायला नकार दिला! बाई कोर्टात गेल्या. विक्री कायदेशीर होती म्हणून निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि २० जुलै २०१७ ला तीच पिशवी अठरा लाख डॉलर्सना विकली गेली. तपासणीच्या वेळी पिशवीतून टिपून घेतलेली धूळसुद्धा पुढे त्यांना परत मिळाली आणि २०२२ मध्ये पाच लाख डॉलर्सच्या वर गेली. म्हणजे अपोलोची धूळ कायदेशीरपणे विकायची तर मागे कोर्टाचा निकाल लागतो आणि तिचा भाव असा असतो. साडेचार लाख रुपयांत झेंडा आणि सही घेतल्यावर वर चिमूटभर मिळते, ती ही धूळ नाही.

(चंद्राचा तुकडा घरात असावा एवढीच इच्छा असेल, तर चांद्र अशनी घेता येतात. उल्कापातांच्या धक्क्याने चंद्रावरून उडालेले आणि पृथ्वीवर येऊन पडलेले दगड. त्यांची रासायनिक ओळख पटलेली असते, नाव नोंदलेलं असतं आणि ते घ्यायला अडचण नसते. पण तो दगड आपला आपण आला. तुमच्या बाबांची गोष्ट माणसाच्या जाण्याची आहे, म्हणून तुमचं समाधान त्याने होईल असं मला वाटत नाही.)

सही. अपोलोच्या अंतराळवीरांना त्या काळात पोत्यांनी पत्रं येत. फोटो मागणाऱ्यांना उत्तर द्यायला यंत्र असे, ऑटोपेन. एकदा सहीचा साचा केला, की खरं पेन धरून यंत्र तीच सही हजार वेळा करतं. शाई खरी, कागदावरचा दाबही खरा, म्हणून भिंगातून बघूनही माणूस फसतो. ओळखायची मुख्य रीत ही. माणूस आपली सही दोनदा तंतोतंत सारखी करत नाही, यंत्र करतं. आर्मस्ट्राँगचे असे साचे जाणकारांना माहीत आहेत आणि फोटोवरची सही त्यांवर ठेवून बघितली, की बऱ्याचदा तिथेच उलगडा होतो. त्याच्या सह्यांची विक्री होते हे कळल्यावर १९९४ च्या सुमारास आर्मस्ट्राँगने मागेल त्याला सही देणं बंद केलं. त्यामुळे खऱ्या सहीचा भाव चढला आणि खोट्या सह्यांचं पीक आलं. विक्रेत्याकडून सहीचा मोठा, सरळ काढलेला फोटो मागवा. देत नसेल तर तेच उत्तर समजा.

आणि तिरंगा. इथे मला तुमच्याइतकंच भरून येतं, खोटं कशाला सांगू. अपोलो ११ मधून देशोदेशींचे छोटे झेंडे खरोखरच गेले होते, त्यात आपलाही होता. पण ते परत आल्यावर अमेरिकेने चंद्राच्या मातीच्या चार कणांबरोबर फळीवर बसवून त्या त्या देशाला भेट दिले. ते त्या त्या देशाचे झाले. अंतराळवीरांनी स्वतःच्या सामानातूनही काही झेंडे नेले, म्हणून खासगी हातात एखादा असणं अशक्य नाही. मात्र अपोलो ११ चा, खासगी मालकीचा भारताचा झेंडा खरा असेल, तर तो आजवर मोठ्या लिलावाच्या छापील यादीत येऊन गेलेला असणार, आणि साडेचार लाखांत कुणी तुमच्यासाठी आठ दिवस थांबणार नाही.

घाई करणारा विक्रेता मला एकदा भेटलेला आहे. २००९ मध्ये मी एक पाकीट घेतलं. त्यावर १६ जुलै १९६९ चा, अपोलो ११ च्या उड्डाणाच्या दिवसाचा केनेडी स्पेस सेंटरचा पोस्टाचा शिक्का होता. विक्रेत्याने ते यानातून गेलेलं म्हणून दिलं. आठ महिने बाजूला टाकलेले पैसे मी एका दुपारी भरले. घरी आल्यावर एका ज्येष्ठ संग्राहकांना दाखवलं. त्यांनी पाकीट उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं आणि शांतपणे विचारलं, “उड्डाणाच्या दिवशी जमिनीवरच्या पोस्टात शिक्का बसला, तर हे यानात केव्हा चढलं?” मी विकत घेताना हा एवढा साधा प्रश्न मला सुचला नव्हता. उड्डाण बघायला आलेल्यांनी त्या दिवशी पोस्टात टाकलेल्या असंख्य पाकिटांपैकी ते एक होतं. विक्रेत्याने पैसे परत दिले नाहीत.

त्या फसवणुकीतून मला एक गोष्ट मात्र कळली, ती तुम्हालाही कळावी असं वाटतं. अपोलो ११ च्या तिघांनी जाण्यापूर्वी खूप पाकिटांवर सह्या करून ठेवल्या होत्या. चंद्रावर जाणाऱ्या माणसाला परवडेल असा मोठा आयुर्विमा मिळणं अवघड होतं. म्हणून सह्या केलेली पाकिटं विश्वासू माणसांकडे ठेवली. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या दिवशी त्यांवर शिक्के मारून घ्यायचे आणि आपण परत आलो नाही तर बायकामुलांनी ती विकून घर चालवायचं. जाणकार त्यांना ‘इन्शुरन्स कव्हर’ म्हणतात. ती चंद्राला गेलीच नाहीत, पृथ्वीवर मागे राहण्यासाठीच ती केली होती. आज तीही बाजारात येतात आणि भोळ्या गिऱ्हाइकाला चंद्राला जाऊन आलेली म्हणून खपवली जातात. खरं सांगून विकली तर त्यांची किंमत कमी होत नाही, उलट मला ती झेंड्यांपेक्षा जास्त हलवून टाकतात. तरीही लबाडी होते.

मग खरी वस्तू कशी दिसते? प्रत्येक अंतराळवीराला स्वतःचं काही न्यायला एक छोटी पिशवी मिळे, पर्सनल प्रेफरन्स किट. तिचं वजन ठरलेलं आणि आत काय आहे त्याची यादी आधी द्यावी लागे. बायकोची अंगठी, मुलांचे फोटो, शाळेचा झेंडा, मित्रांना द्यायची पदकं. आर्मस्ट्राँगच्या सामानात राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानाच्या कापडाचा आणि पंख्याच्या लाकडाचा तुकडा होता. अशा पिशवीतून आलेल्या चांगल्या वस्तूबरोबर त्या अंतराळवीराचं सही केलेलं पत्र असतं आणि त्यात नेमकं लिहिलेलं असतं: मोहीम कुठली, वस्तू कक्षेत फिरणाऱ्या मुख्य यानातच राहिली की चांद्रयानातून खाली उतरली, माझ्याकडून कुणाकडे गेली. शक्यतो वस्तूवरही हस्ताक्षर असतं. ‘चंद्राला जाऊन आलेली’ आणि ‘चंद्रावर उतरलेली’ या दोहोंत भावाचं मोठं अंतर पडतं. अपोलोतून चंद्रापर्यंत २४ माणसं गेली, उतरली त्यातली १२. अपोलो ११ मध्ये मायकल कॉलिन्स वरच होता, तेव्हा त्याच्याजवळ राहिलेली वस्तू चंद्राच्या मातीला लागलेली नाही. विक्रेते हे दोन शब्द मुद्दाम गुळमुळीत ठेवतात. तुमच्या पत्रातही तुम्ही ‘चंद्रावर’ लिहिलंय, म्हणजे त्याने तुम्हाला तेच सांगितलं असणार.

चांदीच्या पदकांचं उदाहरण मला फार आवडतं. मॅसॅच्युसेट्समधल्या रॉबिन्स नावाच्या कंपनीने अपोलो ७ पासून प्रत्येक मोहिमेसाठी अंतराळवीरांकरता पदकं पाडली. प्रत्येकावर क्रमांक. ती यानातून जाऊन आली की तारखा कोरायच्या. अपोलो १३ ची पदकं गेली तेव्हा ती उतरणारी मोहीम होती. निघायच्या दोन-तीन दिवस आधी केन मॅटिंग्लीला जर्मन गोवर (रुबेला) झालेल्या सहकाऱ्याचा संसर्ग झाला असावा म्हणून वगळलं आणि जॅक स्विगर्टला घेतलं. पुढे प्राणवायूची टाकी फुटली, उतरणं रद्द झालं, चंद्राला वळसा घालून तिघे कसेबसे परत आले. पदकांवरचा मजकूर खोटा ठरला. मग ती सगळी पदकं वितळवली आणि त्याच चांदीतून नवी पाडली. घडण बदलली, चांदी मात्र तीच, जी त्या थिजलेल्या यानात चंद्राला फेरी मारून आली होती. एखादी गोष्ट जपायची म्हणजे काय, हे मला त्यातून दिसतं.

आणि कागदाची किंमत बघायची असेल तर अपोलो १५ ची पाकिटं बघा. स्कॉट, वॉर्डन आणि आयर्विन या तिघांनी यादीत न दाखवलेली ३९८ पाकिटं बरोबर नेली. त्यातली शंभर ठरल्याप्रमाणे पश्चिम जर्मनीतल्या टपाल तिकिटांच्या एका व्यापाऱ्याकडे गेली. १९७२ मध्ये प्रकरण बाहेर आलं, तिघांवर ठपका आला आणि त्यांतलं कुणीही पुन्हा अवकाशात गेलं नाही. उरलेली पाकिटं सरकारने ताब्यात घेतली आणि वॉर्डनने दावा लावल्यावर १९८३ मध्ये परत केली. एवढी बदनामी झालेली ही पाकिटं आज संग्राहकांना निर्धास्तपणे घेता येतात. कारण चौकशीमुळे त्यांचा पाकिटागणिक हिशेब लागला आहे आणि जर्मनीला गेलेल्यांच्या तर मागच्या बाजूला टेक्सासच्या नोटरीचा शिक्का आहे. फेरफार पूर्ण आहे.

मालकीचा मुद्दा वेगळा आणि तितकाच महत्त्वाचा. अपोलो १५ मध्येच स्कॉटच्या सरकारी ओमेगा घड्याळाची काच निखळली, म्हणून चंद्रावरच्या तिसऱ्या फेरीला त्याने स्वतःचं बुलोव्हा घड्याळ बांधलं. ते त्याचं होतं म्हणून २०१५ मध्ये सोळा लाख डॉलर्सच्या वर विकलं गेलं. ओमेगा घड्याळं सरकारी, ती अशी विकता येत नाहीत. यानातून काढून आणलेल्या बारीकसारीक वस्तूंवरून अंतराळवीर आणि नासा यांच्यात बराच वाद चालला. अपोलो १४ च्या एडगर मिचेलने आणलेला कॅमेरा लिलावात आला तेव्हा सरकारने त्याच्यावर दावाच लावला. शेवटी सप्टेंबर २०१२ मध्ये कायदा झाला आणि त्या पिढीच्या अंतराळवीरांनी स्वतःकडे ठेवलेल्या वस्तूंची मालकी त्यांची ठरली. चंद्राची दगडमाती त्यातून वगळली आहे. लक्षात घ्या, हा कायदा अंतराळवीरांसाठी आहे. ‘माझे काका नासात तंत्रज्ञ होते, त्यांनी घरी आणलं’ या गोष्टीला त्याचा आधार मिळत नाही.

आता तुम्ही घ्यावं काय. काहीतरी घ्याच, असं मी म्हणेन. फक्त साडेचार लाखांचं नाही, आणि या महिन्यात नाही.

माझ्या टेबलावर अपोलो ११ च्या ‘कोलंबिया’ या मुख्य यानावरच्या फॉइलचा एक तुकडा आहे. करंगळीच्या नखापेक्षा लहान. कॅप्टॉन नावाच्या प्लॅस्टिकचा, धातूचा मुलामा दिलेला तो पातळ पापुद्रा, उष्णतेपासून बचावासाठी यानावर लावलेला असे. माझा तुकडा एका अंगाने जुन्या पितळेसारखा तांबूस सोनेरी आहे, दुसऱ्या अंगाने चंदेरी. मधोमध एक आडवी घडी पडली आहे आणि एक कोपरा काळवंडला आहे. पारदर्शक ठोकळ्यात बसवलेला असल्याने बोट लावता येत नाही. पण सकाळी खिडकीतून ऊन आलं की ती घडी चमकते, आणि ही घडी चंद्राभोवती फिरून पॅसिफिकमध्ये पडली होती हे मला रोज नव्याने आठवतं. त्याबरोबर ज्या अभियंत्याला तो मिळाला त्याचं पत्र आहे आणि दोन लिलावांच्या छापील यादीत त्याच घडीचा फोटो आहे. त्या घडीवरूनच मी ओळख पटवली. असे तुकडे लाखाच्या पुष्कळ आत मिळतात. खोटेही भरपूर फिरतात, म्हणून मूळ कार्ड किंवा पत्र नसलेला तुकडा फुकट दिला तरी घेऊ नका.

तुमच्या बाबतीत मला आणखी एक सुचतं. अंतराळवीर ज्यावरून टप्प्याटप्प्याने काम करत त्या सूचनांच्या वह्या परत आल्यावर काहींनी पानं सुटी करून, त्यावर दोन ओळी आणि सही करून दिली किंवा विकली. अपोलो ११ चं पान तुमच्या-माझ्या आवाक्यातलं नाही. पण नंतरच्या एखाद्या मोहिमेचं, कक्षेतच राहिलेल्या यानातलं साधं, कमी महत्त्वाचं पान थांबून, दोन वर्षं लिलाव बघत राहिलं तर कधी तरी जमू शकतं. शिक्षकाच्या टाचणवहीशेजारी चंद्राच्या वाटेवरची टाचणवही. मी तुमच्या जागी असते तर त्यासाठी थांबले असते.

घ्याल तेव्हा नामांकित लिलावगृहाकडून घ्या, जिथे वस्तू खोटी निघाली तर परत घेण्याची लेखी हमी असते. शेवटच्या बोलीवर त्यांचं कमिशन चढतं, साधारण पाव हिस्सा धरून चाला. वर विम्यासह कुरिअर आणि इथे आल्यावर कस्टम्स. ही बेरीज बोली लावण्याआधी करा, एखाद्या कस्टम्स एजंटला फोन करून आजचा दर विचारा. पार्सलवर किंमत कमी दाखवू का, असं कुणी सुचवलं तर नको म्हणा. कायदा मोडतो, वाटेत गहाळ झालं तर विमा तेवढाच मिळतो, आणि पुढच्या मालकाला दाखवायचा तुमचा खरेदीचा कागद तुम्हीच खोटा करून ठेवता.

ठेवायचं म्हणाल तर आपल्या हवेत दोन शत्रू, पावसाळा आणि ऊन. रेशीम ट्यूबलाइटखालीही विटतं. वस्तू आम्लविरहित कागदात, हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या ठेवून कपाटात ठेवा आणि पुड्या दर पावसाळ्यात बदला. डांबराच्या गोळ्या नकोत. चांदीचं पदक काळं पडलं तर पडू द्या. देवाची भांडी घासतो तसं चिंच-पितांबरी लावून एकाने पदक लखलखीत केलेलं मी पाहिलं आहे, त्यावरच्या कोरीव रेघा पुसट झाल्या होत्या.

बाबांच्या ठेवीचं काय करायचं, या प्रश्नाला मी उत्तर देणार नाही, तो तुमच्या घरचा आहे. फक्त ठेव मोडायच्या आधी हे पत्र त्यांना वाचायला द्या. आणि विक्रेत्याला आज एकच ओळ लिहा: हा झेंडा कुठल्या अंतराळवीराच्या पिशवीतून गेला आणि त्याच्या हातचं पत्र कुठे आहे, त्याचा फोटो पाठवा. बाकी काही बोलू नका. पुढचं तोच बोलेल.

त्या टाचणवहीबद्दल मात्र मला काळजी वाटते. तुम्ही लिहिलंय ‘जपून ठेवली आहे’. कशात? प्लॅस्टिकच्या पिशवीत असेल तर आजच काढा. पान लॅमिनेट करू नका, फाटलं असेल तर सेलोटेप लावू नका. स्कॅन करून घ्या. मग एका वेगळ्या कागदावर, पेन्सिलीने, तुमच्या हाताने लिहा: ही वही कुणाची, शाळा कुठली, इयत्ता कुठली. २१ जुलै १९६९, सोमवार. आपल्याकडे तेव्हा सकाळचे ८ वाजून २६ मिनिटं झाली होती, जेव्हा आर्मस्ट्राँगचं पाऊल मातीला लागलं; म्हणजे शाळा नुकती भरत असेल किंवा भरायची असेल, ते गावातल्या त्या वर्गातल्या कुणाला तरी विचारून घ्या. त्यातली मुलं आता पासष्टीच्या आसपास असतील, त्यांचं म्हणणंही त्यांच्या सहीनिशी उतरवून घ्या. वही बाबांकडून तुमच्याकडे कधी आली ती तारीख लिहा. खाली सही करा आणि पुढच्या नावासाठी जागा मोकळी सोडा.